बोटीवरून पाहिलेलं घर

अंधेरीहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा दोन्ही बाजूंनी ताडाची झाडं होती. रस्ता जिथे जरा डावीकडे वळायचा, तिथे पांढऱ्या भिंतींचा आमचा बंगला उभा होता. आमचा म्हणजे आमच्या मालकीचा नव्हे. मागच्या बाजूच्या तीन खोल्यांत आम्ही भाड्याने राहायचो. पण सात वर्षांची असताना मी तिथे गेले ती लग्न होऊनच बाहेर पडले, त्यामुळे आजही कुणी ‘तुमचं घर’ म्हटलं की डोळ्यांपुढे तेच येतं. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि खाली औषधांचं दुकान. मी त्या रस्त्याने गेले तर मान वळवत नाही. वळवली नाही की बंगला तिथेच राहतो, असं माझं आपलं एक वेड आहे.

लोक त्याला स्पॅनिश बंगला म्हणायचे. पुढे व्हरांड्याला तीन मोठ्या कमानी, आणि त्यांना पेलणारे खांब असे, की दोघी जणींनी ओली चादर दोन्हीकडून धरून पिळावी आणि ती तशीच उभी करून ठेवावी. वर छपराला अर्धगोल लाल कौलं, डाव्या अंगाला एक चौकोनी मनोरा आणि मनोऱ्याला एकच बारीकशी खिडकी. आत शिरलं की मधोमध उघडा चौक. चौकात निळ्या-पिवळ्या फरशांचं आठ बाजूंचं कारंजं होतं, त्यात पाणी मी कधी पाहिलं नाही. चिमण्या मात्र त्यात धुळीची अंघोळ करायच्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या उभ्या भागावर वेगवेगळ्या नक्षीची फरशी होती. एकूण सतरा पायऱ्या आणि सोळा नक्ष्या, कारण शेवटच्या पायरीला फरशी उरली नव्हती म्हणून पहिलीचीच पुन्हा लावली होती. दुपारी चौकातलं ऊन सरकत जिन्यावर यायचं आणि एकेक पायरी उजळत वर चढायचं. मी खाली अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायची आणि पुस्तकाऐवजी तेच वाचायची.

हे सगळं पुढून. चौक ओलांडून मागे आलं की घर एकदम बदलायचं. मागे शेणाने सारवलेली पडवी, बुटकं दार, चुलीचा धूर जायला छपरात उचललेलं कौल, न्हाणीघर, फणसाचं झाड. पुढचं घर कुठल्यातरी दूरच्या देशातलं आणि मागचं सरळ कोकणातलं. असं का, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. लहानपणी घर जसं असतं तसंच ते असतं.

वरच्या मजल्यावर लीलाताई राहायच्या. घर त्यांचं. त्यांचे पती बोटीवर डॉक्टर होते, आम्ही येण्याच्या आधीच वारलेले. मूल नव्हतं. उंच, सावळ्या, नेहमी फिक्या रंगाचं सुती पातळ, आणि बोलणं असं की शब्द धुऊन, वाळवून, घडी करून समोर ठेवल्यासारखे. माझे बाबा कुर्ला रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. साताऱ्याकडून आलेलं आमचं बौद्ध कुटुंब. अंधेरीत, पार्ल्यात बाबांनी बऱ्याच जागा पाहिल्या होत्या. आडनाव सांगितलं की जागा नुकतीच दिली गेलेली असायची. लीलाताईंनी आडनाव विचारलं, ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला तो असा की तुमच्याकडे कुणी जिन्यावर धावत तर नाही ना, फरशा नाजूक आहेत. बाबा ही गोष्ट कितीतरी वर्षं सांगायचे.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. सांताक्रूझला उतरणारी विमानं इतकी खालून जायची की मांडणीतली पितळी भांडी एकमेकांशी कुजबुजायची. डोंगराकडच्या खाणीत दुपारी सुरुंग उडाला की आधी जमीन हलायची आणि मग आवाज यायचा. समुद्राचा वारा मनोऱ्याच्या खिडकीतून शिरून खाली चौकात उतरायचा तेव्हा कुणीतरी लांबून नाव घेऊन हाक मारतंय असं वाटायचं. त्यात आईच्या भाकरीची थाप. आई बाजरीची भाकरी थापायची, शेंगदाण्याचा ठेचा वाटायची, आणि त्याच वेळी वरून लीलाताईंच्या कोळंबीच्या आमटीचा वास जिन्याने खाली यायचा. चौकात ते दोन वास भेटायचे. त्या भेटीच्या जागी उभं राहून मी डोळे मिटून घ्यायची.

संध्याकाळी लीलाताई व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसायच्या. कुणी पाहुणा आला, घर पाहून थक्क झाला, की त्या गोष्ट सांगायच्या. डॉक्टरांची बोट स्पेनच्या मालागा बंदराला लागली होती. तिथल्या पांढऱ्या गल्ल्यांतून ते दिवसभर हिंडले, एका चौकात कारंज्याच्या कठड्यावर बसले, एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या ओंजळीत संत्री ओतली, आणि तेव्हाच त्यांनी ठरवलं की आपण आपल्या बायकोसाठी असंच घर बांधायचं. मला ती गोष्ट तोंडपाठ होती. शाळेच्या नकाशात मी मालागा शोधून त्यावर पेन्सिलीने कमान काढली होती.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या वर्षी मधल्या कमानीला तडा गेला. आधी केसासारखा, मग त्यात माझी करंगळी जाऊ लागली. एका दुपारी सुरुंग उडाला आणि कमानीच्या माथ्याची दोन विटांएवढी जागा बोटभर खाली सरकली. लीलाताईंच्या ओळखीचा एक कंत्राटदार येऊन पाहून गेला. त्याचं म्हणणं, तिन्ही कमानी पाडा, सरळ सिमेंटची तुळई टाकतो, आठ दिवसांत काम. कमानी बांधणारं आता कुणी उरलेलं नाही. तो गेल्यावर लीलाताई बाबांना म्हणाल्या की ज्याने हे घर बांधलं तो गणू मेस्त्री अजून असेल तर चारकोपला मुलीकडे असेल. रविवारी बाबा आणि मी निघालो. चारकोप तेव्हा खाजणाच्या काठचं गाव होतं. चिखलातून, मिठाच्या वासातून विचारत विचारत आम्ही एका झावळ्यांच्या घरापुढे पोचलो. मेस्त्री अंगणात खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, दिसणं जवळजवळ संपलेलं. बाबांनी कमानीचं सांगितलं. ते ऐकून म्हातारा उठला आणि टोपी शोधू लागला.

मेस्त्री आले ते जावयाचा खांदा धरून. जावईही गवंडी होता, पण सिमेंटचा; चुन्यातली कमान त्याने कधी केली नव्हती. मेस्त्रींनी आधी तिन्ही कमानींवर हात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवतात तसा. मग तड्यात बोट घालून आतली पूड जिभेला लावली. वरची पन्हाळ चोंदलीय, पाणी आत मुरून चुना धुपलाय, असं त्यांनी सांगितलं. कमान बरी होईल, पण आधी तिच्या पोटाला चपखल बसेल असा लाकडी साचा हवा. साचा करायचा तर माप हवं, आणि माप घ्यायला डोळे हवेत. जावई म्हणाला, मी घेतो. मेस्त्रींनी मान हलवली आणि मला विचारलं, “चेडवा, तुका भूमिती येता?”

मला भूमिती यायची. वर्गात ती एकच गोष्ट मला न शिकवता यायची.

तीन दिवस शाळा सुटली की मी व्हरांड्यात माप घ्यायची. मेस्त्री खाली बसून सांगायचे, मी शिडीवर चढून दोरी लावायची, ओळंबा सोडायची, आकडे मोठ्याने वाचायची. मग व्हरांड्याच्या फरशीवर कोळशाने खऱ्या मापाची कमान काढायची होती, म्हणजे सुताराला तीवरून साचा कापता येईल. एका बाजूचं माप काही केल्या जुळेना. मी म्हटलं, उजवा खांब माथ्याला बोटभर बाहेर झुकलाय. मेस्त्री चिडले. खांब त्यांच्या हातचा होता. तो झुकणं शक्य नाही, तुझाच हात हलला असेल, परत बघ. मी परत पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. शेवटी ते स्वतः शिडी धरून दोन पायऱ्या चढले, ओळंब्याची दोरी आणि खांब यांच्यामधलं अंतर बोटांनी चाचपलं. उतरल्यावर एवढंच म्हणाले की तू म्हणतेस तसंच काढ. त्यानंतर त्यांनी माझं एकही माप परत घ्यायला लावलं नाही.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. परीक्षा तोंडावर, त्यात शिडीवर चढलेली मुलगी रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. बाबांनी माझ्यासाठी शिक्षिकेचा कोर्स ठरवून ठेवला होता. “कोळशाचे हात घेऊन मास्तरीण होणार हाय का तू?” असं आई एकदा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फरशीवर कमान पुरी झाली. लीलाताई खुर्चीवर बसून पाहत होत्या. त्या खुशीत होत्या, आणि मेस्त्रींच्या जावयाला त्यांनी मालागाची गोष्ट सांगायला घेतली. गल्ल्या, कारंजं, संत्री. मी कोळशाने काळी झालेली, डोक्यात नुसती मापं. सहज माझ्या तोंडून गेलं की मेस्त्री, मग मागची बाजू तशी का नाही बांधली, मागे पडवी कशी काय?

मेस्त्री हसले. त्यांना वाटलं, हे सगळ्यांना ठाऊकच आहे.

“मागची बाजू डॉक्टरांनी तरी खय बघल्यानी? बोटीर देवीची साथ इलेली. किनाऱ्यार कोणाक उतराक दिल्यानी नाय. अकरा दिवस बोटीवरसून दुर्बिणीतून बघल्यानी आणि चित्रां काढल्यानी. पुढचा दिसला ता पुढे बांधलंय. मागचा मी माझ्या घरासारखा केलंय.”

वारा होता, तरी व्हरांडा एकदम कोंदट झाला. जावई जमिनीकडे बघू लागला. मेस्त्रींना दिसत नव्हतं, पण गप्प झालेली माणसं त्यांना कळली असावीत. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. लीलाताई उठल्या, पातळाचा पदर सारखा केला आणि वर गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज सतरा पायऱ्या चढून वर गेला. त्या दिवशी कोळंबीचा वास खाली आला नाही.

दोन दिवस त्या खाली उतरल्या नाहीत. काम थांबलं. सुतार येऊन परत गेला. कंत्राटदार पुन्हा फाटकाशी दिसला. सगळं माझ्यामुळेच, कारण प्रश्न मी विचारला होता. इतक्या वर्षांनी वाटतं, त्या वयात आपल्या एका वाक्याने जग मोडतं अशी खात्रीच असते, आणि एरवी ती खोटी असते. तेव्हा मात्र ती खरी होती. तिसऱ्या दिवशी शाळेत न जाता मी वर गेले.

लीलाताई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पुठ्ठ्याची एक चित्रवही. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पानं उलटू लागल्या. पेन्सिलीची चित्रं होती. पांढरी घरं, कमानी, पिळाचे खांब, मनोरे, लोखंडी फाटकातून दिसणारं एका कारंज्याचं टोक. सगळी समोरून. आणि प्रत्येक चित्रात खालच्या कडेला दोन आडव्या रेषा आणि एक गोल दांडा.

“हा मी गच्चीचा कठडा समजत होते,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं. बोटीचा कठडा आहे हा.”

मी माफी मागायला आले होते. त्या चित्रावर बोट ठेवून स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलत होत्या. डॉक्टर नेहमी म्हणत, मी स्पेन पाहिलंय. हिंडलो असं ते कधीच म्हणाले नव्हते. त्यांना गल्ल्यांतून हिंडवलं ते लीलाताईंनीच. लग्न झाल्यावर पहिल्यांदा कुणाला तरी सांगताना एक गल्ली आली, पुढच्या वेळी कारंजं, मग संत्री. डॉक्टर शेजारी बसून ऐकायचे आणि त्यांनी एकदाही अडवलं नाही.

“आत रोगी होते त्यांचे,” त्या म्हणाल्या. “त्यांना औषध देऊन वर येत असतील, कठड्याशी उभे राहत असतील. समोर सगळं, आणि उतरता येत नाही. मला सांगितलं असतं तर मी काय हसले असते गं?”

त्यांनी वही मिटली आणि माझ्या हातात दिली. मधली कमान यात कुठे आहे ते शोध, म्हणाल्या, आणि मेस्त्रींना निरोप पाठव की काम सुरू करा. मी जिना उतरत होते तेव्हा मागून त्यांनी एवढंच सांगितलं की धावू नकोस.

पुढचे दिवस माझ्या आठवणीत चुन्याच्या वासाचे आहेत. अंगणात चुना भिजवला होता, त्यात गूळ आणि मेथीचं पाणी पडायचं, आणि सबंध घराला सणासारखा गोडसर, जरा उग्र वास यायचा. साचा आला, कमानीच्या पोटाला लागला, आणि कुठेही फट दिसली नाही. मेस्त्रींनी कडेकडेने बोट फिरवलं आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. जावयाने सैल विटा काढल्या, दोन्ही बाजूंनी नव्या चढवत आणल्या, आणि मधली शेवटची वीट, जिला ते चावी म्हणायचे, ती मेस्त्रींनी स्वतःच्या हाताने बसवली. मग थांबायचं. चुना आपल्या सवडीने घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. त्या मधल्या दिवसांत मी परीक्षा दिली. भूमितीचा पेपर लिहिताना बोटांना चुन्याचा वास येत होता.

साचा काढायचा तो दिवस रविवार होता, पण बाबांना जादा पाळी होती. साचा खाली लाकडी पाचरींवर उभा होता. पाचरी ठोकून सैल केल्या की तो उतरणार आणि कमानीला स्वतःच्या जिवावर उभं राहावं लागणार. मेस्त्री म्हणाले, पाचरी हीच मारेल, माप हिचं आहे. आणि मग ते चालत जाऊन कमानीच्या बरोबर खाली उभे राहिले. त्यांच्याकडे तशी रीतच होती. ज्याने कमान घातली त्याने खाली उभं राहायचं. जावई त्यांना ओढू लागला, पण म्हातारा हलेना. ते पाहून लीलाताई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, घर माझं आहे.

माझ्या हातात पाचरी ठोकायची लाकडी मोगरी होती आणि ती मला उचलेना. झुकलेला खांब खरंच झुकला होता का, माझाच हात हलला होता का, सगळी मापं डोक्यात एकदम गोळा झाली. तेवढ्यात आतून पावलं वाजली. आमची आई नऊ वर्षं त्या घरात राहिली, पण पुढच्या व्हरांड्यात ती कधी आली नव्हती. कुणी मना केलं नव्हतं. बाजूच्या बोळाने यायचं, मागच्या दाराने आत शिरायचं, असं तिनेच ठरवून घेतलं होतं. का, हे आम्हीही तिला कधी विचारलं नाही. ती चौक ओलांडून, पुढच्या दालनातून, हाताला बाजरीचं पीठ तसंच, सरळ बाहेर आली. तिने वर साच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाऊन लीलाताईंच्या शेजारी कमानीखाली उभी राहिली.

“ठोक,” ती म्हणाली.

मी ठोकलं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मेस्त्रींनी शिकवलं होतं तसं. चौथ्या घावाला पाचर सुटली. साचा इंचभर खाली बसला, आणि कमानीतून एक बारीक आवाज आला, झोपेत कुणी कूस बदलावी तसा. थोडी चुन्याची पूड खाली झरली. बस्स, तेवढंच. मेस्त्रींनी हात वर करून कमान आणि साचा यांच्यामधल्या फटीत बोटं घातली. लीलाताईंचे डोळे मिटलेले होते. आईने पदराने मेस्त्रींच्या खांद्यावरची पूड झटकली आणि आत भाकऱ्या तव्यावर आहेत म्हणून लगबगीने निघून गेली. गेली ती पुढच्या दारानेच.

बाबा पाळीवरून आले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. कमान बघून आले, हात धुतले आणि जेवायला बसले. शिक्षिकेच्या कोर्सचा अर्ज त्यांनी कुणाकडून तरी मिळवून आणला होता. तो त्यांनी ताटाशेजारी ठेवला. आईने तो उचलून फडताळात ठेवला आणि भाकरी वाढता वाढता म्हणाली की हिला घरांचे नकाशे काढायचं शिकवतात तिथं घाला. बाबा चकित झाले. तिथे मुली जातात का, घरं पडली-झडली तर जबाबदारी केवढी, तुला काय कळतंय त्यातलं, असं बरंच काही ते म्हणाले.

“मला कळतं,” ती म्हणाली. “मी हिच्या कमानीखाली उभी राहून आलेय.”